गाय अडली की डॉक्टर येतात

गेल्या श्रावणात सांगलीला ताईची कुत्री रात्रीत गेली. गर्भाशयात पू झाला होता. माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दीड महिन्यात कुत्री फार पाणी प्यायला लागली, मलूल झाली तर लगेच दाखवायचं असतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. आठला दवाखाने बंद झाले आणि नऊला तिला उलट्या सुरू झाल्या. ताईने सहा डॉक्टरांना फोन लावले. पाच फोन बंद किंवा नुसते वाजत राहिले, सहाव्यांनी ‘सकाळी दहाला आणा’ म्हणून सांगितलं. पहाटे चारला ती ताईच्या मांडीवर गेली.

घरच्या ग्रुपवर काकांनी लिहिलं, ‘इथे माणसांना रात्री डॉक्टर मिळत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलात!’ त्यावर भाच्याचं उत्तर, ‘आत्याच्या इंग्लंडमध्ये बघा, चोवीस तास सगळं मिळतं.’ मी बारा वर्षं लेस्टरला राहते आणि मला दोघांचंही पटलं नाही.

इथे मिळतं हे खरं. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेच्या आचारसंहितेनुसार प्रत्येक डॉक्टरने तातडीचे प्रथमोपचार आणि वेदनाशमन चोवीस तास मिळेल अशी व्यवस्था करायची असते. स्वतः जागायलाच हवं असं नाही, रात्रीचं काम दुसऱ्या दवाखान्याकडे सोपवता येतं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री आमच्या बोक्याची लघवी तुंबली. बोक्यांमध्ये हे दुखणं एक-दोन दिवसांत जीव घेतं. आमच्या बंद दवाखान्याच्या फोनवरच रात्रीच्या दवाखान्याचा नंबर ऐकू आला आणि तासाभरात भूल देऊन नळी घातली गेली. बोका वाचला.

नुसत्या तपासणीचे २६० पौंड झाले, तीन दिवसांचे मिळून १,९००. आमचा विमा होता. शेजारच्या बाकावरच्या बाईंचा नव्हता. खर्चाचा अंदाज वाचून त्यांनी मांजराला कायमचं झोपवायला सांगितलं. त्या कागदावर सही करताना त्यांचा हात थरथरत होता, तो मला अजून दिसतो. इथे १९९९पासून डॉक्टर नसलेल्यांनाही असे दवाखाने विकत घेता येतात. २०१३ साली मोठ्या कंपन्यांकडे दहा टक्के दवाखाने होते, आता जवळपास साठ टक्के आहेत. बिलांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०२३मध्ये चौकशी हाती घेतली. म्हणून भाच्याला सांगते, इथला नियम घ्या, बाजार घेऊ नका.

आणि काका, रात्रीचा डॉक्टर ही काही साहेबाची चैन नाही. आपल्या गावाकडे गाय अडली की डॉक्टर रात्री दोनलाही मोटारसायकलवरून येतात, बॅटरीच्या उजेडात खांद्यापर्यंत हात घालून वासरू सोडवतात. तुमच्याच गोठ्यात मी हे लहानपणी पाहिलंय. रात्री उठायची सवय आपल्या डॉक्टरांना आहे, शहरातल्या कुत्र्या-मांजरांपर्यंत ती पोचलेली नाही एवढंच. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल इंग्रजांच्या काळापासून आहे, महालक्ष्मीला २०२४मध्ये टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय सुरू झालं. पण पोटात पू झालेली कुत्री घेऊन सांगलीहून मुंबई कशी गाठणार?

त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही, दवाखान्यांनी आपसांत रात्रीची पाळी लावून घेतली की पुरे. शहरात पंधरा दवाखाने असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यात दोनच रात्री येतात. आज कोणाची पाळी, त्यांचा नंबर आणि रात्रीची फी, हे प्रत्येक दारावर लावलेलं असावं. फी जास्त असावीच, ताईने त्या रात्री पाचपट दिली असती. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी हवी. सोबत मदतनीस हवाच. आता या पेशात तरुण मुली खूप आहेत, आणि रात्री घाबरलेला मालक कसा बोलेल याचा नेम नसतो. त्यांना एकटं बसवून ही सोय मागायचा आपल्याला हक्क नाही.

ताई नवं पिल्लू घ्यायला अजून तयार नाही. पण मागच्या आठवड्यात ती तीन डॉक्टरांना भेटून आली. दोघे पाळीला हो म्हणाले. तिसऱ्या बाईंनी विचारलं, ‘रात्री माझ्याबरोबर कोण थांबेल?’ ताई आता त्याच्याच शोधात आहे.