दोन पायलट आणि उदयबाब

फोंड्याच्या तिस्कावर, गणूच्या भज्यांच्या गाड्याशी आम्ही उभे. नुकतंच काळोखलं होतं. वायव्येकडून एक ठळक ठिपका निघाला, लुकलुकला नाही, डोक्यावरून सरकत आग्नेयेला गेला आणि मध्येच विझला.

"विमान," उदयबाब म्हणाले. त्यांचा जावई दुबईला असतो, त्यामुळे आकाशातलं सगळं त्यांच्या अखत्यारीत.

"विमानाचा दिवा लुकलुकतो. ते अंतराळ स्थानक. पृथ्वीच्या सावलीत शिरलं म्हणून दिसेना," नारायण म्हणाला. "२०२५ मध्ये शुभांशू शुक्ला गेला ना, तेच. त्या मोहिमेचा पायलट होता."

"म्हणजे तुझाच जातभाई!"

नारायण पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून भाड्यानं माणसं नेतो. गोव्यात पायलट म्हणतात तो हाच.

"वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून लटकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय," उदयबाब म्हणाले.

"नसतं कसं? ४०० किलोमीटरवर तर आहे. सरळ रेघ मारली तर मुंबई जवळजवळ तेवढीच. इथल्या ओढीतली ९० टक्के तिथेही आहे. लटकत नाही, पडतंय."

"मग टकलावर का येत नाही माझ्या?"

"पाडेलीनं माडावरून नारळ सोडला की पहिल्या सेकंदात ५ मीटर खाली. तोच आडवा भिरकावला, सेकंदाला ८ किलोमीटर, तर तेवढ्यात जमीनही ५ मीटर वाकलेली. वाटेत हवा नसेल तर नारळ पडतच राहणार, जमीन निसटतच राहणार. तसं हे. ९२-९३ मिनिटांत एक फेरी, दिवसाला सोळा सूर्योदय."

"सोळा वेळा संध्या करायची?"

"इथे एकदा तरी करता?"

"मुंबईला किती वेळात जाईल रे?" गणूनं विचारलं.

"मिनिटभरात."

"म्हणजे हायवेनं जात नाही!" मग अर्थातच दहा मिनिटं हायवे.

उदयबाब हटेनात. "पेट्रोल कोण घालतो?"

"इंजिन बंदच. अनमोड घाटात मी न्यूट्रलला टाकतो तसं."

"तसं करूनच मला रानात पाडलंस!"

"गाडी उभी होती, उदयबाब. चालू होती ती तुमची फेणी."

वर थोडी विरळ हवा असते, तिच्यानं स्थानक हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिन लावून वर ढकलावं लागतं, हे नारायण सांगत होता. पण हसण्यात ऐकतो कोण? शेवटी त्यानं हात पुढे केला. "बरं, म्हार्दोळच्या जत्रेचं भाडं?"

उदयबाबांनी चटकन वर बोट केलं. "ते बघ, परत आलं!"

लाल दिवा लुकलुकत होता.