नव्या व्यापारमंत्र्यांच्या सेवेशी सादर

खातं मिळाल्याबद्दल अभिनंदन! आता वेळ न दवडता कशावर तरी आयात शुल्क लावून टाका. कशावर, ते नंतर बघू. भाषणात मात्र ठणकावून सांगा की हा पैसा परदेशी लोक भरणार. बंदरावर चलन भरतो तो आपलाच आयातदार, आणि तो त्यातला बराचसा भार गिऱ्हाइकाच्या खिशावर टाकतो, हे खरं. पण बिलावर ते वेगळं छापलेलं नसतं, त्यामुळे काळजी नको.

अर्थतज्ज्ञ आडवे येतील. त्यांची निवेदनं आदराने स्वीकारून कपाटात ठेवा. 1930 साली अमेरिकेतल्या 1,028 अर्थतज्ज्ञांनी आयात शुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली विधेयकाला विरोध केला, तरी अध्यक्ष हूवर यांनी सही ठोकलीच. इतर देशांनीही मग शुल्काच्या भिंती चढवल्या. 1929 ते 1933 या काळात डॉलरच्या हिशोबात जगाचा व्यापार जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आला. अर्थात त्यात महामंदीचा वाटा मोठा होता. म्हणजे खापर फोडायला दुसरं डोकं तयारच होतं! मुहूर्त असा साधावा.

शुल्क नेहमी 'तात्पुरतं' म्हणून लावा. 1962 मध्ये युरोपच्या सामाईक बाजाराने स्वस्त अमेरिकन कोंबडीवर शुल्क वाढवलं. त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने 1964 पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के बसवले. कोंबडीचा आणि ट्रकचा संबंध काय, असं विचारणारा माणूस मंत्रालयात ठेवू नये. पुढे ब्रँडी सुटली, स्टार्च सुटला. ट्रक साठ वर्षं उलटली तरी अडकलेलाच.

यातून उद्योगांची कल्पकता कशी फुलते पाहा. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनवलेल्या आपल्या व्हॅनना मागच्या सीटा आणि खिडक्या लावून बोटीवर चढवायची. कागदोपत्री प्रवासी गाडी, शुल्क 25 ऐवजी अडीच टक्के! अमेरिकेत बाल्टिमोरला उतरवल्या की सीटा उपसायच्या, काचांच्या जागी पत्रे बसवायचे, की झाली मालवाहू व्हॅन. उपसलेल्या सीटांचा चुरा. बसवणाऱ्याला काम, उपसणाऱ्याला काम, शिवाय वकिलांना काम: 2019 मध्ये अपील न्यायालयाचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि 2024 मध्ये तिने 36.5 कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच.

न्यायाधीशांनाही गुंतवा. अमेरिकेत बाहुलीवर 12 टक्के आणि इतर खेळण्यांवर 6.8 टक्के शुल्क होतं. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती. तेव्हा कॉमिक्समधले महानायक माणसं की आणखी काही, हे 2003 मध्ये न्यायालयाने त्यांची नखं-पंजे तपासून ठरवलं. माणसं नव्हेत! आयातदार जिंकला.

देश श्रीमंत झाला की सूर बदलायला विसरू नका. 1721 मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घालणाऱ्या ब्रिटनने, गिरण्या जगाला भारी पडू लागल्यावर, 1846 मध्ये परदेशी धान्यावर शुल्क लावणारे धान्य कायदे रद्द केले आणि जगाला मुक्त व्यापाराचं कीर्तन ऐकवलं.

एवढं करूनही कोणी जागतिक व्यापार संघटनेत खेचलंच आणि तुम्ही हरलात, तर बेलाशक अपील करा. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर 2019 पासून तिथल्या अपील मंडळात सुनावणीपुरते सदस्यच नाहीत.