दुखलं की हात बळकट होतो म्हणे!

कळंगुटच्या एका हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या माझ्या वहिनीने परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘म्हणजे माझंही काही विशेष नाही.’ तेव्हा गप्प बसवेना. फॉरवर्ड म्हणतो: हाताला मुंग्या बी-१२ कमी झाल्याने येतात, कामाने नव्हे, काम करताना दुखतं तेव्हा स्नायू बळकट होत असतात, थांबू नका, आजा-पणज्यांना असले आजार नव्हते.

बी-१२चं अर्धं खरं, मान्य. मधुमेहाने, थायरॉइडनेही मुंग्या येतात, रक्त तपासावंच. पण बी-१२च्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात. वहिनीचा उजवा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, करंगळी ठणठणीत. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मनगटात मीडियन नस (म्हणजे मज्जातंतू) दाबली गेली की नेमकं असंच होतं. करंगळीची नस वेगळी. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दिवसभर ओली फडकी पिळणाऱ्या बाईला तो झाला तर नवल कसलं?

खरा संताप ‘थांबू नका’चा. नव्या मेहनतीने अंग आंबतं ते चार-पाच दिवसांत उतरतं. ठरावीक कामाने वाढणारं, सुटीत कमी होणारं आणि कामावर गेलं की पुन्हा उठणारं दुखणं वेगळं. पुढे हातातून कप सुटतो, ब्लाउजचं हूक लागत नाही. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला, तर नस बराच काळ दाबलेली असते. मग ऑपरेशननेही पूर्ण ताकद परतेलच असं नाही. आणि हे म्हणतात, सोसा! अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९७ मध्ये ६०० हून अधिक अभ्यास तपासले. जोर लावून तीच हालचाल वारंवार करण्याशी या आजाराचा संबंध असल्याचा पुरावा भक्कम आहे, असं तिने नोंदवलं.

आजा-पणज्यांचं म्हणाल, तर रामाझिनी या इटालियन वैद्याने सतत लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताचं दुखणं १७१३ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्या वाड्यावर शेतात राबून कमरेत वाकलेल्या आज्या मी स्वतः पाहिल्यात.

वहिनी, मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांध आणि गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत जाच. तिथे नुसतं ‘हात दुखतो’ म्हणू नकोस. दिवसाला किती खोल्या करतेस, काय काय पिळतेस, उचलतेस, तेही सांग.