फुकट गेली म्हणे चार वर्षं

आज पॉटलक होतं, नेहमीच्या ग्रुपचं. मी वांग्याचं भरीत घेऊन गेले आणि भांडून परत आले. भांडं तिकडेच राहिलंय, कोणीतरी आणून द्या प्लीज.

झालं काय, तीन दिवस ग्रीन बेला एनएफएलचा (इथली प्रो फुटबॉल लीग) २०२५चा ड्राफ्ट चालू होता, म्हणजे टीम्स पाळीपाळीने, एकेका राउंडला, कॉलेजची पोरं निवडतात तो, काल संपला, आणि टीव्हीवर तो शेड्योर सँडर्सचा फोन सारखा दाखवत होते. (भारतातल्या मंडळींनो, हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हेल्मेटवाला.) एकेकाळचा स्टार खेळाडू डिऑन सँडर्स, त्याचा मुलगा, कोलोराडो युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवतो तो), महिनोनमहिने सगळे म्हणत होते पहिल्या राउंडला जाणार, आणि गेला कुठे तर शनिवारी पाचव्या राउंडला, १४४वा, क्लीव्हलंडकडे. त्याच्या आदल्या दिवशी तो घरच्यांसोबत वाट बघत बसलेला असताना कोणीतरी टीमचा मॅनेजर बोलतोय म्हणून फोन केला आणि सांगितलं, तुला अजून थोडं थांबावं लागेल. आज कळलं की हा उद्योग अटलांटाच्या डिफेन्स कोचच्या २१ वर्षांच्या पोराचा, बापाच्या आयपॅडवरून नंबर उचलला म्हणे.

आमचे एक स्नेही यावर खो खो हसले. हसू देत. पण वर म्हणाले, "या पोरांचं असंच असतं, अभ्यास नको काही नको, चार वर्षं फुकट घालवायची आणि मग फोनकडे बघत बसायचं."

माझ्या हातातला वाढायचा डाव तसाच राहिला.

आमच्या शेजारच्या मुलाबद्दल मी इथे आधी लिहिलंय बहुतेक. आम्ही कोलंबसला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बारा वर्षांचा हा पोरगा न विचारता आमचा ड्राइव्हवे साफ करून गेला होता. पैसे घेईना म्हणून थालीपीठ दिलं, तेव्हापासून मी काकू. हायस्कूलमध्ये कोच म्हणाले वजन वाढव, तर हा सकाळी सहा अंडी आणि रात्री परत सहा, आणि मध्ये माझ्याकडे येऊन पोळ्या. ओहायो स्टेटने, म्हणजे इथल्या मोठ्या युनिव्हर्सिटीने, बघितलंही नाही त्याच्याकडे. इथल्याच एका छोट्या युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप मिळाली, गार्ड खेळायचा. गार्ड म्हणजे जो कधीच बॉल धरत नाही, दुसऱ्यासाठी अंगावर माणसं घेतो, आणि टीव्हीवर नाव आलंच तर चूक केल्यावर येतं.

२०१९चा ड्राफ्ट, नॅशव्हिलला होता. शनिवारी त्यांच्या घरी आम्ही वीसेक जण. त्याच्या आईने मोठं पातेलंभर चिली केलेली. टेबलाच्या मधोमध त्याचा फोन, शंभर टक्के चार्ज असूनही चार्जरला लावलेला. आजीला ताकीद दिलेली की आज फोन करायचा नाही. चौथा राउंड गेला, पाचवा गेला. सहाव्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, बाहेरच्या राज्यातला. कोणीतरी टीव्ही म्यूट केला. तो उठून उभा राहिला, हात पँटला पुसले, आणि फोन कानाला लावून म्हणाला, "येस सर."

तो गाडीच्या वॉरंटीवाला स्पॅम कॉल होता. रेकॉर्डेड बाई. आणि या मुलाने त्या रेकॉर्डिंगला "नो थँक यू, मॅम" म्हणून फोन ठेवला.

हे डोळ्यांनी बघितलेलं असताना मी त्या प्रँकवर कशी हसू, सांगा.

त्या वर्षी २५४ नावं पुकारली, त्यात त्याचं नव्हतं. संध्याकाळी एका टीमचा फोन आला, पण कॉन्ट्रॅक्टसाठी नाही, तीन दिवस येऊन दाखव काय करतोस ते, एवढ्यासाठी. गेला. रविवारी रात्री परत. कारण काय, तर हात आखूड! म्हणजे अक्षरशः. एजंट त्याला आधीपासून सांगतच होता, गार्डच्या मानाने हात आखूड आहेत. इंडियानापोलिसला फेब्रुवारीअखेरीस कंबाइन होतं ना, ड्राफ्टच्या आधीची चाचणी, तिथे तीनशेच्या वर पोरं बोलावतात आणि उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, सगळं मोजतात, बैलबाजारात दात बघतात त्याच्या वरताण. याला तर तिथलंही बोलावणं नव्हतं, कॉलेजच्या प्रो डेला (टीमवाले कॉलेजात येऊन पोरं बघतात तो दिवस) मोजलं. १०२ किलोचा बार त्याने २७ वेळा उचलला, मी व्हिडिओ बघितलाय, आईने सगळ्यांना पाठवला होता. पण हात काही लांब होत नाहीत उचलून.

आता "अभ्यास नको" वाल्यांसाठी. पहाटे पाचला जिम, मग क्लास, मग प्रॅक्टिस, मग फिल्म बघणं, आणि तरी डिग्री घेतली त्याने. आपली मुलं एसएटीच्या आधी दोन महिने भांडी घासत नाहीत.

आणि जानेवारीत ओहायो स्टेट नोत्र दामला ३४-२३ हरवून चॅम्पियन झालं तेव्हा लाल जर्सी घालून कोण नाचत होतं? हेच गृहस्थ. यंदा आपल्या कॉलेजचे १४ जण ड्राफ्ट झाले म्हणून स्टेटस कोणी टाकलं? पुन्हा हेच. म्हणजे निवडला गेला की "आपला पोरगा" आणि नाही गेला की "या पोरांचं असंच". आणि "या पोरांचं" म्हणजे कोणाचं ते कळतं हो आपल्या सगळ्यांना, मी तिथे बोलले नाही म्हणून इथे बोलते.

बरं, चार वर्षं घालवू नका म्हणावं तर दुसरा रस्ता कुठे ठेवलाय? हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय लीग दारात उभं करत नाही. आपल्याच ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने २००२च्या सीझनला, पहिल्याच वर्षी, चॅम्पियनशिप आणून दिली, मग नियमाविरुद्ध कोर्टात गेला, २००४ला हरला. पुढच्या वर्षी डेन्व्हरने तिसऱ्या राउंडला घेतला आणि सीझनची एक मॅच खेळायला मिळाली नाही. लीगला फुकटात तयार पोरं मिळतात, कॉलेजला लाखावर माणसांचं स्टेडियम भरून मिळतं, गुडघे मात्र पोराचे.

हो, आमच्या शेजाऱ्याला स्कॉलरशिप होती, फी भरली नाही त्याने, मान्य. आणि २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीबिहिरातीत आपलं नाव वापरू देण्याचे पैसे घेता येतात, शेड्योर तर ड्राफ्टच्या आधीच कोट्यधीश आहे, त्याच्यासाठी रडत नाहीये मी. आणि हो, तो दुसरा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड, हायस्कूलमध्ये कोणी विचारत नव्हतं, एकाच छोट्या कॉलेजने घेतला आणि गुरुवारी टेनेसीने सगळ्यात पहिला उचलला. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी तर २०२२च्या ड्राफ्टला शेवटचा, २६२वा होता आणि सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, खेळला. छान. पण या दोघांच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत त्या असं रोज घडत नाही म्हणूनच ना.

माझा भाचा पुण्यात चार वर्षं अभ्यासिकेत बसला, दोनदा मेन्सपर्यंत गेला, यादीत नाव नाही. त्याला कोणी फुकट म्हणालं की आम्ही घरातले सगळे तुटून पडतो. आणि ज्यांची मुलगी सहा वर्षं स्पेलिंग बीसाठी डिक्शनरी घोकत होती, (नाव घेत नाही, भरीत मात्र त्यांनी दोनदा घेतलं), त्यांनी तरी हे बोलू नये.

जरा जास्तच तापले मी तिथे, कबूल. त्यांच्या बायकोला वाईट वाटलं असेल, तिचा काय दोष.

घरी आले तर तो शेजारी आईचं लॉन कापत होता. आता मिडल स्कूलला पीटी शिकवतो, लाइनच्या (म्हणजे गार्डसारख्या) पोरांना कोचिंग करतो, थंडीत गुडघा धरतो त्याचा. मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, बघितलास का तो प्रँक कॉल. मोवर बंद केला. हसला. म्हणाला, "काकू, त्याला निदान माणसाने तरी फोन केला."

मग विचारलं भरीत उरलंय का. म्हणलं भांडंच उरलं नाही.

एडिट: भांडं स्टीलचं, निळ्या झाकणाचं आहे.