‘पायाची सर्कस’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका (तुम्ही प्रतिक्रियेत नातवाचा उल्लेख केलाय म्हणून हक्काने काका म्हणतोय, राग नसावा), उत्तर द्यायला आठ दिवस लागले कारण मधे ऑफिसात रिलीज होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा झोंबलं. म्हणलं आत्ता टाइप करायला बसलो तर भांडणच होणार, त्यापेक्षा थांबू.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात. मागच्या पोस्टमधे मी गाडीला ॲल्युमिनियमचे पेडल बसवल्याचे फोटो टाकले होते आणि हील-टो कसं शिकतोय ते लिहिलं होतं, म्हणजे उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने मधेच एक रेस मारून खालचा गिअर टाकायचा. त्यावर काका लिहितात की बत्तीस वर्षं गाडी चालवतोय, गिअरबॉक्सला सिंक्रोमेश (गिअर टाकताना आतले वेग आपोआप जुळवून देणारी रचना) असताना ही पायाची सर्कस कशाला, फ्रंट व्हील ड्राइव्हला, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं त्या गाडीला, गरज नाही, फॉर्म्युला वनवाल्यांनीसुद्धा हे कधीच सोडलं, त्या चकचकीत पेडलवरून पाय घसरला की कळेल, क्लचप्लेट लवकर जाईल ती वेगळीच, आणि ‘रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात प्रॅक्टिस करा’ असं पोरांना सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. ते वाक्य चुकलंच, काढून टाकलंय. कारणही सांगतो, नुसतं सॉरी म्हणून सुटायचं नाहीये मला. शिकायला लागल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस मी रेस मारली की दर वेळी माझा ब्रेकवरचा जोर बदलायचा, कधी पाय उचलला जायचा, कधी जास्तच दाबला जायचा, आणि हे आपल्याला स्वतःला कळतसुद्धा नाही, शेजारी बसलेल्याची मान पुढेमागे होते तेव्हा कळतं. असा पाय घेऊन घाटातल्या वळणावर जायचं जिथे पलीकडून एसटी येतीये आणि अलीकडे मक्याचं कणीस घ्यायला लोक उभे आहेत, हे मी लिहायलाच नको होतं.

आता पेडल. इथे तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा तुम्ही जास्त बरोबर आहात असं मलाच कबूल करावं लागणारे, कारण ते पेडल मी त्या पोस्टनंतर तीन आठवड्यांत काढले. नाना पेठेत तीन पेडलचा ‘युनिव्हर्सल’ सेट घेतला होता, मूळ रबरावर पुढून ॲल्युमिनियमची जाळीदार प्लेट आणि मागून पट्टी लावून बोल्ट आवळायचे असला प्रकार. दिसायला एक नंबर. पहिल्याच पावसात कळलं की ओल्या सोलला रबर धरतं तसं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम धरत नाही, त्यातून भोकांमधे चिखल बसला की विषयच संपला. पण खरी मजा पुढे. एकदा सोसायटीच्या गेटपाशी ब्रेक दाबला आणि पायाखाली काहीतरी कच्चकन फिरल्यासारखं वाटलं, खाली बघतो तर ब्रेकची प्लेट तिरकी होऊन खालचा कोपरा मॅटच्या कडेत घुसलेला. वेग होता दहाचा म्हणून बरं. तिथेच गाडी बाजूला लावून मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून प्लेट काढली आणि तशीच घरी आलो.

आणि ह्याहून मोठा गाढवपणा मला नंतर कळला. मी पेडल कशासाठी घेतले होते? तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या उंचीतला फरक कमी व्हावा, पाय पोचावा म्हणून. पण सेटमधल्या दोन्ही प्लेटा सारख्याच सहा मिमी जाडीच्या! ब्रेकही सहा मिमी वर आला, ॲक्सिलरेटरही सहा मिमी वर आला, फरक जिथल्या तिथे. वर क्लचही तेवढाच उंच झाला त्यामुळे डावा गुडघा स्टिअरिंगच्या खाली लागायला लागला. एवढे पैसे घालून मी काय मिळवलं तर गुडघ्याला एक काळानिळा डाग.

म्हणून आता जे मला मनापासून सांगायचंय ते असं की पेडल विकत घ्यायच्या आधी पट्टी घ्या. भाच्याच्या कंपासमधली पंधरा सेंटिमीटरची पट्टी घेऊन मी ड्रायव्हरच्या दारात उकिडवा बसलो आणि बायकोला ब्रेकवर पाय ठेवायला लावला. नुसतं मोकळं सोडलं तर ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा अडतीस मिमी वर. इंजिन चालू ठेवून जोरात दाबायला लावलं तर फरक राहिला बारा मिमी. (इंजिन चालूच पाहिजे, बंद गाडीत दोन-तीनदा दाबलं की बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा डबा) व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगड होतं, मग मापाला काही अर्थ राहत नाही.) म्हणजे सिग्नलला हळू ब्रेक मारताना माझा पाय ॲक्सिलरेटरला पोचतच नव्हता, पण ट्रॅकवर वेगातून खरा ब्रेक मारला की दोन्ही पेडल जवळजवळ एका पातळीला येत होती. माझ्या गाडीची उंची मुळात बरोबरच होती! मी पार्किंगमधे हलका ब्रेक मारून प्रॅक्टिस करत होतो आणि पाय पोचत नाही म्हणून गाडीला दोष देत होतो.

ह्याचं उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. पार्किंगमधे आरामात पाय पोचावा म्हणून कुणी फक्त ॲक्सिलरेटरवर जाड प्लेट चढवली, तर जोरात ब्रेक मारल्यावर ब्रेक त्याच्या खाली जाणार आणि त्याच बुटाने दोन्ही दाबले जाणार. ब्रेकचे पॅड तापून किंवा ब्रेक ऑइल उकळायला लागून पेडल आणखी खोल जायला लागलं की तर बघायलाच नको. (डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशाला उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. ट्रॅकवर जायच्या आधी पेडलपेक्षा हे बदलणं जास्त गरजेचं.)

कंपन्या रोजच्या गाड्यांत ही दोन पेडल लांब ठेवतात ते काही त्या वेड्या आहेत म्हणून नाही. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून टीव्हीवर केवढा गदारोळ झाला होता, कंपनीची तिथली विक्री पार झोपली. १९८९ मधे तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याचा अहवाल आला त्यात निघालं की लोक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते, आणि अमेरिकन गाड्यांची सवय असलेल्या लोकांना ह्या गाडीतली पेडलची मांडणी वेगळी पडत होती. २००९ मधे कॅलिफोर्नियात एका लेक्सस ईएस ३५० मधे भलत्याच मॉडेलचं जाड मॅट टाकलेलं होतं, त्यात ॲक्सिलरेटर अडकला आणि चार जण गेले. माझी तिरकी प्लेट मॅटमधे घुसलेली बघितल्यावर मला हेच आठवलं होतं. त्यामुळे काका, पेडलच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. पाच पेडल बदलण्यापेक्षा एक मॅट हुकात नीट अडकवलेलं बरं.

मग मी शेवटी काय केलं? मूळ रबर परत चढवलं. आडवं अंतर मात्र माझ्या पायाला जास्त होतं, त्यासाठी आमच्या इथल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन मिमीची पट्टी कापून घेतली जी ॲक्सिलरेटरच्या डाव्या कडेला साधारण पंधरा मिमी बाहेर येते, उंची तीच ठेवून, दोन बोल्ट आणि आतून लॉकनट. कडा कानशीने गोल करून घेतल्या, वर खरखरीत टेप. दिसायला भिकार आहे. दर रविवारी गाडी धुताना बोल्ट हाताने हलवून बघतो.

बूट हा अर्धा पेडलच आहे हे मात्र मागच्या पोस्टमधे लिहायचं राहिलं होतं. जाड ट्रेकिंगच्या बुटात काहीच कळत नाही, चप्पल तर नकोच. पातळ सोलचे, अरुंद, साधे कॅनव्हासचे बूट चालतात. होंडाची एनएसएक्स घेऊन जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्या आयर्टन सेनाचा (फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर) तो प्रसिद्ध व्हिडिओ आठवतोय ना, त्यात त्याच्या पायात लोफर आणि पांढरे मोजे आहेत, रेसिंगचे बूटसुद्धा नाहीत.

आता जिथे मला तुमचं पटत नाही तिथे येतो. सिंक्रोमेश.

माझा मोठा मामा एसटीत ड्रायव्हर होता. लहानपणी त्याच्या मागच्या सीटवर बसून महाडहून वरंधा घाट चढताना मी त्याच्या पायाकडे बघत बसायचो, क्लच, न्यूट्रल, रेस, परत क्लच, मग गिअर. डबल क्लच. तो कधी गिअर ओरडवायचा नाही आणि कुणी ओरडवला की म्हणायचा ‘त्याच्या बापाचं काय जातंय’. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, सिंक्रोमेशमुळे दुसरा क्लच मारायची गरज संपली. पण सिंक्रोमेश जुळवतो ते गिअरबॉक्सच्या आतले वेग. इंजिन तर तेव्हा क्लचच्या पलीकडे सुटं फिरत असतं, त्याला कोण जुळवणार? तिसऱ्यातून दुसऱ्यात जाताना त्याच वेगाला इंजिनाला साधारण दीडपट फिरावं लागतं, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) असाल तर ४५०० च्या आसपास. तुम्ही रेस दिली नाही तर हा फरक क्लच घासून भरून काढतो, आणि इंजिन वर ओढायची ताकद येते कुठून तर चाकांतून. तो गचका म्हणजे पुढच्या चाकांवर तुम्ही न मागता लागलेला जादाचा ब्रेक. सरळ रस्त्यावर काही होत नाही. वळणाच्या तोंडाशी, जिथे आधीच सगळी पकड ब्रेकमधे खर्च झालेली असते, तिथे पुढची चाकं सरळ निघतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर बूडच फिरतं. म्हणजे ‘फ्रंट व्हील ड्राइव्हला गरज नाही’ हे तुमचं वाक्य मला अर्धंच मान्य आहे, गरज कमी आहे, पण आहे.

आणि म्हणूनच क्लचप्लेटचं उलट आहे. रेस नीट जुळली तर क्लच घासतच नाही. शिकताना चुकतं तेव्हा घासतो, हो, ते मान्य.

फॉर्म्युला वनचं शंभर टक्के बरोबर. १९८९ मधे ब्राझीलला ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल पॅडलवाली (स्टिअरिंगमागच्या पट्टीने हातानेच गिअर बदलणारी) फेरारी ६४० घेऊन आला, पहिलीच शर्यत जिंकला आणि तिथून ते पर्व संपत गेलं. आता तर रस्त्यावरच्या काही मॅन्युअल गाड्याही रेस स्वतः मारून देतात, निसानने ३७० झेडमधे आणलं होतं. पण माझ्या गाडीत नाही ना ते. माझ्या गाडीत तिसरं पेडल आहे आणि ते माझ्याच पायाने चालतं.

ताम्हिणी काढून टाकली तर मग प्रॅक्टिस कुठे आणि कशी, असं दोघा-तिघांनी विचारलंय. आधी ब्रेकला हात, सॉरी पाय, लावूच नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, चौथ्यातून तिसऱ्यात जाताना नुसती क्लच-रेस-गिअर एवढंच करा, उजवा पाय पूर्ण ॲक्सिलरेटरवर. कानाला आवाज कळायला लागला, क्लच सोडल्यावर गाडी हुंकारसुद्धा देत नाही असं झालं, की पहिला अर्धा भाग आला. मला यालाच महिना लागला. दुसरा अर्धा उभ्या गाडीत, न्यूट्रल, हँडब्रेक, मोकळ्या हवेत (बेसमेंटमधे इंजिन चालू ठेवून बसू नका). चवडा ब्रेकवर, चवड्याची आतली बाजू टेकवा, सगळा पाय नाही, मग घोटा थोडा आत वळवून करंगळीच्या बाजूने ॲक्सिलरेटर झटकायचा. नाव हील-टो असलं तरी टाच फारशी येत नाही, जुन्या कितीतरी रेसिंग गाड्यांत ॲक्सिलरेटर मधे असायचा त्या काळचं हे नाव. ब्रेकचा जोर तसूभर हलता कामा नये.

तो हलतोय का हे बघायला माझा उपाय म्हणजे पाण्याची अर्धी भरलेली बाटली, कपहोल्डरमधे. दोन्ही अर्धे जोडल्यावर, गाडी चालवताना शेजारी कुणालातरी बसवून तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगायचं. ब्रेक लागला की पाणी पुढच्या बाजूला तिरकं चढतं आणि गाडी थांबेपर्यंत तिथेच राहायला पाहिजे. रेस मारली आणि पाणी एकदा मागे आपटून पुढे आलं की समजा पाय उचलला गेला. बायको आता बाटलीकडे न बघताच सांगते.

आणि गिअर टाकायची घाई नको. आधी सरळ रेषेत ब्रेक, वेग उतरू दे, मग गिअर. ४८०० ला तिसऱ्यात असताना दुसरा टाकला तर दीडपटीने कुठे जाल ते मोजा, तिथे कितीही सुंदर रेस मारली तरी इंजिन वाचणार नाही. इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटरच्या काही गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला की कॉम्प्युटर ताकद कापतो, त्यामुळे रेस लागतच नाही असं वाटलं तर पायाला शिव्या घालायच्या आधी तेही तपासा.

खरा ब्रेक मारून हे करायचं ते ट्रॅकवरच. मी कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला गेलो होतो, पुण्याहून लांब पडतं, पण तिथे पहिल्या दहा फेऱ्यांत जे कळलं ते पार्किंगमधे चार महिन्यांत कळलं नव्हतं. पहिल्या फेरीला मी सवयीने घोटा वाकडा करायला गेलो आणि ब्रेक एवढा खोल गेला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर टेकला. पट्टीने मोजलेलं बारा मिमी तिथे पायाला लागलं.

बाकी तुम्ही विचारलंय की क्लचप्लेट किती टिकली. एकाहत्तर हजार किलोमीटर झालेत, अजून कंपनीचीच आहे. आणि ते चकचकीत पेडल माळ्यावर पडलेत, नातवाच्या सायकलला काही करायचं असेल तर कळवा, बोल्टसकट देतो.