कॅलहूनचा चौक: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जॉर्जियातल्या सव्हाना शहराने कॅलहून चौकाचं एकशेसत्तर वर्षांचं नाव काढलं, म्हणजे इतिहास पुसला, पाट्या बदलून कुणाचंच भलं होत नाही, आणि मला परक्या देशाची उठाठेव कशाला? शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. उठाठेव जुनीच आहे.

आता इतिहास. सव्हानाचा चौक म्हणजे सिग्नल आणि वडापावची गाडी नव्हे. 1733 साली शहर वसवताना ओगलथॉर्पने आखलेल्या रचनेतल्या या छोट्या बागाच. आज 22 उरल्यात. त्यांची नावं पूर्वीही बदललीत. पर्सिव्हल चौकाचा राइट चौक 1763 साली झाला, सेंट जेम्स चौकाचा टेलफेअर चौक 1883 साली. टेलफेअरच्या बाकावर बसून सेंट जेम्ससाठी कुणी उसासे टाकताना मला तरी दिसलं नाही.

कॅलहून तर सव्हानाचा नव्हेच, शेजारच्या साउथ कॅरोलिनाचा. देशाचा उपाध्यक्ष होता, हे खरं. पण गुलामगिरी ही नाइलाजाने सोसायची गोष्ट नसून चांगलीच गोष्ट आहे, असं 1837 साली सिनेटमध्ये ठणकावून सांगणाराही तोच. 1850 साली वारला, पुढच्या वर्षी चौक त्याच्या नावे. तेही राजकारणच होतं की!

नवं नाव सूझी किंग टेलरचं. 1848 साली गुलामीत जन्मलेली ही पोर सव्हानात आजीकडे वाढली. काळ्या मुलांना शिकवणं तेव्हा गुन्हा. पोलिसांना दिसू नयेत म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळायची, फाटकातून एकेकट्याने शिरायचं, मागच्या स्वयंपाकघरात एका विधवा बाईंपुढे बसायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, पोरं काही काम शिकायला येतात. त्याच सुमारास, 1856 साली, याच कॅलहून चौकात गोऱ्या गरीब मुलांसाठी मॅसी शाळा उघडली. पुढे यादवी युद्धात सूझीने सैनिकांची शुश्रूषा केली, त्यांना लिहा-वाचायला शिकवलं. चार वर्षं, एक डॉलरही न घेता.

राहिला पाटीचा मुद्दा, आणि तो मला बोचला. नोव्हेंबर 2022 मध्ये जुनं नाव निघालं, ऑगस्ट 2023 मध्ये नवं ठरलं. मधले नऊ महिने चौक बिननावाचा होता आणि कुणाचं काही अडलं नाही. त्या परिसरात काळ्या माणसांची जुनी दफनभूमी होती, तिच्यावर घरं-रस्ते झाले. पाटीने त्यातलं काही फिटत नाही. तिथे तुम्ही बरोबर आहात.

तरी एक सांगतो. सूझीने आठवणींत लिहिलंय, विधवा बाईंची ती चोरटी शाळा सुटल्यावरही मुलं एकेक करूनच बाहेर पडत आणि जवळच्या एका चौकात एकमेकांची वाट बघत थांबत. तो चौक हा नव्हे, शाळा पार दुसऱ्या टोकाला होती. पण 22 चौकांपैकी एकाही चौकाला 2023 पर्यंत ना बाईचं नाव होतं, ना काळ्या माणसाचं.