चित्रातलं मांजर बघतंय कुठे?

चित्रात मांजर दिसलं की लगेच त्याचा अर्थ सांगायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. गेली बरीच वर्षं मालवणच्या बाजूला शाळेत चित्रकला शिकवते. मोठ्या चित्रकारांबद्दलची पुस्तकं वाचताना आणि हल्ली यूट्यूबवरचे व्हिडिओ बघताना पुन्हा पुन्हा तेच कानावर येतं. पलंगावरचं काळं मांजर म्हणजे वासना. येशूला दगा देणाऱ्या जूडासजवळचं म्हणजे विश्वासघात. येशूच्या आईच्या, मरियेच्या खोलीतलं म्हणजे सैतान. एवढी यादी पाठ झाली की चित्र बघून झालं, पुढच्या दालनात चला. मला याचा मनापासून त्रास होतो. अहो, ते मांजर उभं कसं आहे, अंग कुठे आखडलंय, नजर कुठे लागलीय, हे तरी आधी बघा. चित्रातले बाकी सगळे चित्रकारासाठी बसलेले असतात. मांजर आपल्या कामाला आलेलं असतं.

माझं सगळ्यात लाडकं मांजर फ्रान्समधलं आहे, पण ते समजायला मासे खाणाऱ्या गावात वाढलेलं असलं की फार उपयोग होतो. ज्यां सिमेओं शार्दां या चित्रकाराचं हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नाव ‘ला रे’, म्हणजे आपलं पाकट, तो चपटा रुंद मासा. भिंतीवर आकड्याला मोठं पाकट टांगलंय, पोट फाडलेलं, आतलं सगळं दिसतंय. खाली ओट्यावर मासे आणि कालवं, एका बाजूला सुरी, भांडीकुंडी, चुरगळलेलं फडकं. आणि डावीकडे, उघडलेल्या कालवांवर पाय देऊन उभं असलेलं मांजराचं पिल्लू. पाठीची कमान झालेली, अंगावरचे केस ताठ.

पाकटाची खालची बाजू कशी दिसते ते इथे कुणाला सांगायला नको. डोळ्यांच्या जागी नाकपुड्या येतात, खाली तोंडाची फट, आणि कुणीतरी माणूसच आपल्याकडे बघतोय असं वाटतं. शार्दांने नेमकी तीच बाजू आपल्यासमोर ठेवली आहे. त्या चेहऱ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पार क्रुसावरच्या ख्रिस्तापर्यंत लोक जाऊन आलेत. मी मात्र त्या पिल्लाच्या पायांकडे बघत बसते. ओहोटीला खडकांवर अनवाणी कालवं काढायला गेलेल्या माणसाला त्या शिंपल्यांची धार माहीत असते. पिल्लाचे पाय त्याच धारेवर आहेत. पुढे जायचंय, कारण वास सोडवत नाही. मागे फिरायचंय, कारण पायाखाली टोचतंय आणि समोर ते भलंमोठं लोंबतंय. हाव आणि भीती दोन्ही एकाच पाठीच्या रेषेत आलीत. हे कुठल्याही प्रतीकाच्या पुस्तकातून काढता येत नाही. स्वयंपाकघरात बसून मांजराकडे बघावं लागतं, आणि बराच वेळ बघावं लागतं.

ते चित्र १७२८ सालापर्यंत झालेलं होतं. त्याच वर्षी हे आणि आणखी एक चित्र दाखवून शार्दांला राजेशाही कला अकादमीत प्रवेश मिळाला. त्या अकादमीत देवादिकांची आणि लढायांची चित्रं सगळ्यात वरच्या पायरीवर आणि वस्तुचित्र सगळ्यात खालच्या पायरीवर मानलं जाई. पुढे मातिससारख्या मोठ्या चित्रकाराने लूव्रमध्ये याच पाकटाची नक्कल करून हात तयार केला. वस्तुचित्राचा पेपर म्हणजे दोन भांडी आणि एक फळ, असं समजणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते.

मासे आणि मांजर ही जोडी तर फारच जुनी. इजिप्तमध्ये नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, साधारण ३४०० वर्षांपूर्वीच्या भिंतीवर, मेजवानी चाललेली आहे आणि खुर्चीखाली एक मांजर मासा खातंय. त्याला वरच्या मेजवानीचं काही नाही. त्यानंतरच्याच काळातलं नेबामुनच्या थडग्यातलं मांजर आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. धनी बोटीत उभा राहून पाणपक्ष्यांची शिकार करतोय आणि मांजराने एकट्याने तोंडात आणि पंजांत मिळून कितीतरी पक्षी धरलेत. त्याच्या डोळ्याला चित्रकाराने सोन्याचा वर्ख लावला आहे. सूर्यदेवाशी त्या मांजराचा संबंध सांगतात, आणि तिथे मांजराला देवपण होतंच. पण पक्ष्याचा पंख दातांत कसा धरतात हे ज्याने काढलं त्याने ते देवळात पाहिलेलं नाही.

आता सैतानाचं बघू. इटलीत रेकानाती गावी लोरेंझो लोत्तोचं एक चित्र आहे, १५३४ च्या सुमाराचं. तुझ्या पोटी येशू जन्मणार, हा निरोप द्यायला देवदूत मरियेकडे आलाय. हा विषय शेकडो जणांनी रंगवला, आणि बहुतेकांनी सगळं कसं शांत, सोवळं ठेवलं. लोत्तोचा देवदूत उजवीकडून घाईने आत शिरलाय, मरिया त्याच्याकडे पाठ करून आपल्याकडे वळलीय, तिचे दोन्ही हात वर गेलेत. आणि खोलीच्या मधोमध एक मांजर पाठ वाकवून धूम ठोकतंय. लोक म्हणतात, पवित्र पाऊल पडल्याबरोबर पळणारा तो सैतान. मी म्हणते, दुपारच्या वेळी अनोळखी माणूस पंख फडफडवत घरात शिरला तर कुठलंही मांजर हेच करील! आणि तेवढ्याने ते चित्र मला खरं वाटायला लागतं. ती खोली राहती आहे, तिथे कुणीतरी या मांजराला रोज खायला घालतं, आणि आता त्या घरातलं सगळंच बदलणार आहे. सैतान म्हटलं की यातलं काहीच उरत नाही.

प्रतीकं नसतातच असा माझा दावा नाही. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात गिर्लांदायोने रंगवलेल्या येशूच्या शेवटच्या भोजनात जूडास एकटा टेबलाच्या अलीकडे बसलाय आणि मांजर नेमकं त्याच्याजवळ. ते मुद्दाम आहे, उघड आहे. फ्रेंच चित्रकार माने याने ‘ऑलिंपिया’त पलंगावरच्या नग्न बाईच्या पायथ्याशी काळं मांजर ठेवलं तेही मुद्दाम, कारण ज्या तिशियनच्या चित्रावरून त्याने ती मांडणी घेतली तिथे कुत्रा झोपलेला होता. १८६५ मध्ये ते प्रदर्शनात लागल्यावर केवढा गहजब झाला होता.

पण विल्यम होगार्थचं ‘ग्रॅहम मुलं’ बघा, १७४२ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेलं. चार भावंडं नटूनथटून चित्रात आली आहेत. मुलगा हातातला छोटा वाद्यपेटारा फिरवतोय आणि वर पिंजऱ्यातला पक्षी फडफडतोय. मुलाला वाटतंय पक्षी आपल्या सुरांवर गातोय. त्याच्या मागे खुर्चीच्या पाठीवर नखं रोवून एक मांजर वर आलंय, डोळे पक्ष्यावर. पक्षी कशाने फडफडतोय हे चित्रातल्या एकाही माणसाला माहीत नाही, मांजराला आणि आपल्याला माहीत आहे. चित्र पूर्ण होईपर्यंत त्यातलं सगळ्यात धाकटं बाळ वारलेलं होतं. होगार्थने घड्याळावर कोयता घेतलेली बालमूर्ती ठेवली आहे, म्हणजे मृत्यू त्याच्या मनात होताच. तरी त्या कोयत्याने मला कधी धस्स झालं नाही. मांजराच्या डोळ्यांनी झालं.

याच्या उलट स्पेनच्या गोयाचं. लाल कपड्यातला छोटा मानुएल, हातातल्या दोरीला बांधलेला पाळीव पक्षी, पक्ष्याच्या चोचीत खुद्द गोयाचं नावाचं कार्ड, आणि मागे अंधारात तीन मांजरं त्या पक्ष्यावर डोळे लावून. सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. हा मुलगा १७९२ मध्ये लहान वयातच गेला, म्हणून त्या मांजरांत मृत्यू दबा धरून बसलाय असं सर्रास सांगितलं जातं. पण चित्र १७८७-८८ चं आहे. गोयाला पुढचं कुठून कळणार? त्याने काढलं ते तीन मांजरांचं तीन तऱ्हेचं थांबणं. एक तर इतकं काळोखात आहे की त्याचे जवळजवळ डोळेच उरलेत. मिरवणूक निघावी तसं आपण एका मुलाच्या मृत्यूचं दुःख नंतर उचलून त्या चित्रावर नेऊन ठेवलं, हे मला बरोबर वाटत नाही.

आपल्याकडेही मांजराच्या माथी ढोंग मारलं गेलं आणि तिथेही कलाकारांनी त्याहून जास्त पाहिलं. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर जोडून तप करतंय, आणि भोवती उंदीर निर्धास्त. महाभारतातली तपस्वी मांजराची गोष्ट आहे ती. कोलकात्याच्या काळीघाटात एकोणिसाव्या शतकात पटुआ लोक देवळाबाहेर विकायला झटपट चित्रं काढत. त्यात कपाळावर वैष्णव टिळा लावलेलं मांजर तोंडात कोळंबी धरून उभं असतं. टीका होती सोवळेपणाचं सोंग घेणाऱ्यांवर. पण ती कोळंबी बघाच. तिच्या लांब मिशा, कवचाचे वळसे, मांजराचे फुगलेले गाल. कोळंबी साफ करणाऱ्या घरातल्या माणसाचीच ती रेषा. जामिनी रॉय यांनी पुढे तेच मांजर पुन्हा पुन्हा काढलं, आणि त्यांच्या हातात टीका गळून पडली. मांजर उरलं, कोळंबी उरली.

जपानच्या कुनियोशीने तर मांजरांच्या अंगाची अक्षरं जुळवून माशांची नावं लिहिली, वाम, ऑक्टोपस वगैरे. त्याच्या स्टुडिओत मांजरंच मांजरं असत म्हणतात, आणि ते चित्रांत कळतं. हिरोशिगेचं १८५७ चं खिडकीतलं पांढरं मांजर मात्र एकटं आहे. खोली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, वेश्यावस्तीतली. बाई दिसत नाही, जमिनीवर तिच्या केसांतले आकडे पडलेत. लांब शेतातून जत्रेला जाणाऱ्यांची रांग, त्यापलीकडे फुजी. मांजर पाठमोरं बसून ते सगळं बघतंय. त्या मांजराचा अर्थ मला अजून कुणी नीट सांगितलेला नाही, आणि मी विचारतही नाही.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या इथलं आहे. कोकणचं म्हणून जे चित्र आज हॉटेलांत, लॉजवर, कॅलेंडरवर दिसतं ते बघा. माड, होडी, मावळता सूर्य, जमलं तर एक कौलारू घर. त्या घराच्या मागीलदारी कुणी मासे साफ करत नाही. तिथे विळी नाही, खवले नाहीत, राखेचा ढीग नाही, आणि म्हणून मांजरही नाही. मुंबईहून आलेला पाहुणा जेवढं बघतो तेवढंच आपणही काढायला लागलो आहोत. आमच्याच जिल्ह्यात पिंगुळीला चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी आहे, सावंतवाडीला हाताने रंगवलेल्या पत्त्यांची गंजिफा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बारीक रेषेचा हात ज्या भागात आहे त्या भागाचं चित्र असं धुऊन पुसून लख्ख केलेलं असावं, याचं मला वाईट वाटतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत स्मरणचित्राला ‘मासळी बाजार’ हा हमखास सरावाचा विषय. पोरं बायका काढतात, टोपल्या, छत्र्या, तागड्या सगळं काढतात. मांजर कुणीच काढत नाही. रोज शाळेत येताना बाजारातून येणारी पोरं ही, तरी. एकदा म्हटलं, या वेळी आधी बाजारात जाऊन फक्त मांजरं काढून आणा, दुसरं काही नको. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन आली, तोंड पाडून. “बाई, ता माजर गप रवनाच नाय, कसा काढू?” पानभर अर्धवट रेषा होत्या. एक पाठ, एक शेपूट, दोन कान, पुन्हा एक पाठ. तिला मी लिओनार्दो दा विंचीचं, इंग्लंडात विंडसरला असलेलं पान दाखवलं. एकाच कागदावर झोपलेली, चाटणारी, भांडणारी, दबा धरलेली मांजरं, मधेच एक छोटा ड्रॅगनसुद्धा. त्याचंही मांजर गप राहत नव्हतं, म्हणून तर एवढी काढावी लागली. तिच्या त्या पानात एक पाठ अशी होती की ते जनावर टोपलीकडे निघालंय हे डोकं न काढताच कळत होतं. तिला तेच सांगितलं.

यंदाच्या सरावाला मी ‘मागीलदारी मासे साफ करताना’ हा विषय देणार आहे. रत्नागिरी, रायगड, पालघरकडचे माझे चित्रकला शिक्षक मित्र हे वाचत असतील तर त्यांनीही द्यावा. फोटोवरून काढू देऊ नका. परवानगी घेऊन मुलांची चित्रं इथे खाली टाका. कुणाकडे घरातल्या, गावातल्या मांजराचं जुनं रेखाटन असेल, आजोबांच्या वहीतलं, देवळाच्या भिंतीवरचं, तर तेही टाका. मला ती बघायची आहेत.